वीस तारखेची धडकी

माझं ग्रील-शटरचं छोटं वर्कशॉप. गिऱ्हाइकाकडून आलेला जीएसटी गल्ल्यातच मिसळायचा आणि २० तारखेला ३बी (महिन्याचा कर भरायचं जीएसटी रिटर्न) भरताना खिसा रिकामा. उशीर झाला की वर्षाला १८ टक्के दराने व्याज! आता पैसे आले की त्याच संध्याकाळी कर वेगळ्या खात्यात. ११,८०० आले तर त्यातले कराचे १,८०० तिकडे. ते आपले नव्हतेच मुळी.

दुसरी गळती उशिरा सापडली. लोखंडवाल्याने जीएसटीआर-१ (त्याच्या विक्रीचं रिटर्न) भरलाच नव्हता, माझं क्रेडिट (खरेदीवर दिलेल्या कराची वजावट) अडकलं. आता १४ तारखेला २बी (विकणाऱ्यांनी दाखवलेल्या बिलांची जीएसटी पोर्टलवरची यादी) उघडतो, पेन्सिल घेऊन खरेदीची बिलं एकेक ताडतो. बिल दिसलं नाही, तर त्यातली कराची रक्कम रोखून धरतो. शेठ कुरकुरतात, पण रिटर्न भरतात.