ट्रस्टच्या मीटिंगमधल्या या चुका टाळा, हात जोडून सांगतोय

बरीच वर्षं छोट्या ट्रस्टची दप्तरं सांभाळतोय, कुठे सेक्रेटरी म्हणून, कुठे नुसता लिहायला, आणि चुका सगळीकडे त्याच.

सगळ्यात डोक्यात जाते ती अजेंड्याच्या शेवटची 'ऐनवेळचे विषय' ही ओळ. ती असते गॅदरिंगची तारीख, नळ गळतोय असल्या किरकोळ गोष्टींसाठी, पण मोठा विषय नेमका तिथूनच घुसवतात. आमच्या एका वसतिगृहाच्या ट्रस्टने खालचा हॉल क्लासवाल्याला ५ वर्षं भाडेपट्ट्याने द्यायचा ठराव असाच केला. रात्रीचे साडेनऊ, दोघं विश्वस्त कधीच घरी गेलेले, बाकीचे चपला शोधतायत, अध्यक्ष म्हणाले भाडं चांगलं येतंय, झालं, सर्वानुमते मंजूर. कराराचा मसुदा कोणी वाचलाच नव्हता, मीही नाही, आणि सूचक म्हणून माझंच नाव आहे. पुढे ऑडिटरने विचारलं, धर्मादाय आयुक्तांची परवानगी कुठंय? १९५० च्या आपल्या महाराष्ट्राच्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यात कलम ३६ आहे, इमारत ३ वर्षांपेक्षा जास्त मुदतीने द्यायची तर मंजुरी आधी लागते, शेतजमिनीला ही मर्यादा १० वर्षं. करार लटकला, क्लासवाला डिपॉझिट मागायला लागला, ते आम्ही गच्चीच्या पत्र्यांवर घालवलेलं, आणि घरी गेलेले दोघं 'आम्हाला विचारलंच नाही' असं लेखी देऊन मोकळे. खरंच विचारलं नव्हतं हो.

तेव्हापासून पैसा, जागा किंवा नेमणूक ऐनवेळी निघाली की मी सरळ पुढच्या सभेला ढकलतो, शिव्या खातो. सात दिवस आधी एक पान टिपण सगळ्यांच्या हातात. किती रक्कम, कुठून आणायची, दुसरा पर्याय काय, आणि यात कुणाचा मेहुणा-भाचा आहे का. एकच पान! नवीन उत्साही मंडळी चाळीस स्लाइडचं पीपीटी ग्रुपवर टाकतात आणि 'सगळ्यांना माहिती दिली' म्हणतात, ते कोणी उघडत नाही.

व्हॉट्सॲपवरचा अंगठा म्हणजे ठराव नव्हे. आमच्या एका काकांचा अंगठा कॉम्प्युटर खरेदीला होता की वरच्या सुप्रभातला, हे अजून कळलेलं नाही.

इतिवृत्त त्याच रात्री लिहा. विरोध झाला असेल तर नावासकट, 'चर्चा होऊन' एवढंच लिहून पळ काढू नका. प्रोसिडिंग बुकात कोऱ्या पानांवर सह्या घेऊन ठेवणारे भेटलेत मला, त्यांच्याबद्दल काय बोलणार.

विश्वस्त बदलला की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट, म्हणजे बदल कळवायचा अर्ज, त्याच कायद्याचं कलम २२. 'बघू निवांत' म्हणणाऱ्यांच्या शेड्यूल वनवर (धर्मादाय कार्यालयातली ट्रस्टची नोंद) वारलेली माणसं तशीच असतात, मग बँकेत सही बदलायची वेळ आली की धावाधाव.

आणि खजिनदाराकडे दर सभेला बँक स्टेटमेंट मागा. 'विश्वास नाही का?' असं विचारतील, आमचे दोनदा रुसले. मी तरी मागतोच, पासबुकाचा फोटोही चालतो.