रियू घेऊन अडकलात? कॅरेक्टर बदलायच्या आधी या चुका बघा

आधी कबुली देऊन टाकतो. स्ट्रीट फायटर ६ या फायटिंग गेममध्ये मी स्वतः तीनदा रियू सोडलाय आणि तीनदा तोंड पाडून परत आलोय. पहिल्यांदा कॅमी घेतली कारण ती कसली पळते, मग जेपी घेतला कारण तो लांबूनच समोरच्याचं डोकं खातो, आणि मग झँगीफ, कारण झँगीफने मला इतकं धुतलं होतं की म्हटलं आता आपणही जरा लोकांना धुवू. प्रत्येक वेळी दोन आठवडे मजा आली आणि तिसऱ्या आठवड्यात त्याच रँकच्या आसपास, त्याच पद्धतीने, जवळपास त्याच चुकांवर हरायला लागलो. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला की रोग कॅरेक्टरमध्ये नाहीये, कंट्रोलर धरलेल्या हातात आहे.

हा लेख मुख्यतः स्ट्रीट फायटर ६ धरून लिहितोय कारण सध्या तोच खेळतोय, पण टेकनमध्ये जिन खेळणारे, स्मॅशमध्ये मारिओ खेळणारे, गिल्टी गियर स्ट्राइव्हमध्ये काय खेळणारे (हो, त्याचं नावच काय आहे, मी काय करू) या सगळ्यांना बरंच लागू पडेल. ऑलराउंडर कॅरेक्टरची गंमत अशी आहे की त्याच्याकडे सगळं असतं पण कशाचाच अतिरेक नसतो. झँगीफ घेतलात तर काय करायचं हे विचारावं लागत नाही, कसंही करून जवळ जायचं आणि पकडून आपटायचं. गाइल घेतलात तर बसायचं, बूम (त्याचा फायरबॉल) टाकायचा, कोणी उडी मारली की खाली पाडायचं. म्हणजे त्यांचा प्लॅन त्यांच्यासोबतच येतो. रियूकडे फायरबॉल आहे, अँटी-एअर (उडी मारून येणाऱ्याला खाली पाडणारी मूव्ह) आहे, जवळची बटणं ठीक आहेत, थ्रो (पकडून आपटणं) आहे, पण यातलं आत्ता कुठलं वापरायचं हे तो सांगत नाही. घोडं अडतं ते इथंच.

हरलो की सरळ कॅरेक्टर सिलेक्टवर

ही सगळ्यात मोठी चूक. स्ट्रीट फायटर ६ मध्ये प्रत्येक कॅरेक्टरची रँक वेगळी असते, त्यामुळे नवीन कॅरेक्टर घेतलं की बऱ्याचदा समोर थोडे कच्चे लोक येतात, आपण पटापट जिंकतो आणि वाटतं, अरे हेच तर आपलं कॅरेक्टर होतं, उगाच एवढे महिने वाया घालवले. मग रँक जागेवर येते आणि पुन्हा तेच रडगाणं.

मी काय केलं ते सांगतो. एका रविवारी ओळीने सहा मॅच हरलो, चिडून कॅरेक्टर बदलणार तेवढ्यात म्हटलं एक रिप्ले तरी बघू. वही घेतली आणि फक्त दोनच गोष्टी मोजल्या, समोरचा माझ्यावर उडी मारून किती वेळा आला आणि मी त्याला किती वेळा खाली पाडलं. ११ उड्या, २ शोर्युकेन (रियूचा वर झेपावणारा पंच, त्याचा अँटी-एअर). बाकी नऊपैकी काही ब्लॉक केल्या, काही तोंडावर घेतल्या आणि पुढचा कॉम्बोही खाल्ला. मॅच चालू असताना मला छातीठोकपणे वाटत होतं की रियूचं डॅमेज कमी आहे म्हणून हरतोय. आता सांगा, रियूच्या जागी कॅमी असती तर त्या नऊ उड्या हवेत विरघळल्या असत्या का?

त्यामुळे पहिला उपाय हाच, बदलायचं असेल तर खुशाल बदला पण आधी एक रिप्ले बघा आणि लाइफ कुठे कुठे गेली ते लिहून काढा. उडी, थ्रो, ड्राइव्ह इम्पॅक्ट (मार झेलत पुढे येणारा जोरदार फटका), आपणच टाकलेली रिस्की मूव्ह, एवढेच चार रकाने पुरतात. ज्या रकान्यात सगळ्यात जास्त टिकमार्क आहेत तो तुमचा पुढच्या आठवड्याचा गृहपाठ.

फायरबॉल चुकीच्या अंतरावरून, एकाच तालात

यावर जरा जास्त बोलतो कारण बहुतेक लोकांचं इथेच चुकतं. हाडोकेन, म्हणजे रियूचा फायरबॉल, हा डॅमेजसाठी नसतोच, त्याने किती लाइफ जाते हे बघूच नका. तो समोरच्याला काहीतरी करायला भाग पाडण्यासाठी असतो, एकतर ब्लॉक कर, नाहीतर पॅरी कर (फटका झटकून निष्प्रभ कर), नाहीतर वैतागून उडी मार. आणि त्याने उडी मारली की खाली तुम्ही शोर्युकेन घेऊन तयार असायला हवं. १९९१ च्या स्ट्रीट फायटर २ पासून ही जोडगोळी अशीच चालत आलीये.

आता अंतराचं बघा. लांबून टाकलात तर समोरच्याने उडी मारली तरी तो तुमच्यापर्यंत पोचेस्तोवर तुमचा हात मोकळा झालेला असतो, तुम्ही आरामात पाडू शकता. पण मधल्या अंतरावर, म्हणजे त्याची एक उडी बरोबर तुमच्या डोक्यावर येईल एवढ्या अंतरावर जर तुम्ही आंधळेपणाने टाकत असाल आणि त्याने अंदाज बांधून उडी मारली, तर तुम्ही अजून हात पुढे करून उभेच असता आणि तो वरून येऊन पूर्ण कॉम्बो घेतो. आणि अगदी जवळून टाकला की ड्राइव्ह इम्पॅक्ट आहेच, तो दोन हिट अंगावर झेलतो, तुमचा एक फायरबॉल त्याच्यासाठी काहीच नाही.

मधल्या अंतरावरून टाकूच नका असं म्हणत नाहीये मी, तिथून टाकावाच लागतो, पण ताल मोडा. नवखा माणूस हाडोकेन, हाडोकेन, हाडोकेन असा घड्याळाच्या काट्यासारखा टाकतो आणि मग चौथ्याला उडी बसली की म्हणतो समोरच्याने नशिबाने मारली. अहो नशीब कसलं, तुम्हीच त्याला टाळ्या देऊन ताल धरून दिलात. एक टाका, मग नुसतं बसा, मग एक पाऊल पुढे या, मग काहीच करू नका. ते काहीच न करणं फार महत्त्वाचं आहे कारण तो उडी मारेल तर नेमकी तेव्हाच मारेल आणि तुम्ही रिकामे असाल. शिवाय लाइट पंचचा हाडोकेन हळू जातो, हेवीचा जोरात, हे सगळ्यांना माहीत असतं पण मॅचमध्ये बघावं तर सगळे हेवीच टाकतात. हळू टाकून त्याच्या मागे मागे चालत जाऊन बघा एकदा.

शोर्युकेन मारायला गेलो आणि हाडोकेन निघाला

किंवा उलटं. चालत पुढे जाऊन हाडोकेन टाकायला गेलात आणि रियू शोर्युकेन मारत हवेत गेला, समोरचा खाली शांतपणे हेवी पंच दाबायची वाट बघतोय. यात कंट्रोलर खराब नाहीये. शोर्युकेनचं इनपुट आहे फॉरवर्ड, डाऊन, डाऊन-फॉरवर्ड. आता तुम्ही फॉरवर्ड धरून चालत होतात आणि तिथूनच डाऊन, डाऊन-फॉरवर्ड, फॉरवर्ड (हाडोकेनचा क्वार्टर सर्कल) केलंत, तर गेमला आधी फॉरवर्ड दिसलं, मग डाऊन, मग डाऊन-फॉरवर्ड, म्हणजे झालं की शोर्युकेन. उपाय एकदम साधा आहे, चालणं थांबवा, स्टिक क्षणभर मध्ये येऊ द्या, मग क्वार्टर सर्कल करा.

आणि शोर्युकेनच्या जागी हाडोकेन निघत असेल तर बहुतेक वेळा घाईत सुरुवातीचं फॉरवर्ड नीट लागलेलंच नसतं आणि वर अंगठा शेवटी डाऊन-फॉरवर्डला न थांबता फॉरवर्डपर्यंत घसरतो, म्हणजे गेमला नुसता क्वार्टर सर्कल दिसतो. ट्रेनिंग मोडमध्ये इनपुट डिस्प्ले चालू करा, दहा वेळा मारा, आणि बाणांची रांग वाचा. दोन मिनिटात कळतं कुठला बाण गायब आहे. तोपर्यंत क्राउचिंग हेवी पंच आहे की, तोही खालून वर जातो आणि बऱ्याच उड्या पाडतो. नुसता क्राउच करून एक बटण. त्याला कमीपणा मानू नका.

पण खरं सांगू का, अँटी-एअर हुकण्याचं कारण बहुतेकदा बोटं नसतातच, लक्ष असतं. ड्राइव्ह इम्पॅक्ट लागायला २६ फ्रेम, गेम सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे अर्ध्या सेकंदाहून कमी वेळ. तुम्ही त्याची वाट बघताय, थ्रोची वाट बघताय, स्वतःच्या पुढच्या कॉम्बोचा विचार करताय आणि मग वर बघायला कोण उरतं? म्हणून काही मॅच अशा खेळा की जिंकायचं नाहीये, फक्त उड्या पाडायच्या आहेत. बाकी सगळं लागू दे. माझा रेकॉर्ड त्या दिवशी भयानक झाला होता पण हात बसला.

उठल्या उठल्या शोर्युकेन

पडलो की उठताना शोर्युकेन मारायची सवय सगळ्यांना असते, मलाही होती. दोन गोष्टी लक्षात घ्या. या गेममध्ये साध्या शोर्युकेनला तसं पूर्ण संरक्षण नाही, खऱ्या अर्थाने इनव्हिन्सिबल (जिला काहीच लागत नाही अशी) असते ती ओव्हरड्राइव्हवाली, म्हणजे गेज खर्चून मारलेली, आणि तिला ड्राइव्ह गेजचे (खास मूव्हसाठी लागणाऱ्या शक्तीच्या पट्टीचे) २ बार लागतात. आणि ती ब्लॉक झाली तर समोरचा निवांत पनिश काउंटर (तुम्ही सावरायच्या आत बसणारा, जास्त फायद्याचा फटका) लावून त्याच्याकडचा सगळ्यात मोठा कॉम्बो काढतो. बहुतेक वेळा उठताना ब्लॉक करा, कधीतरी थ्रो टेक करा (समोरच्याची पकड सोडवा), आणि शोर्युकेन मॅचमध्ये एकदा, फार तर दोनदा, जेव्हा तो खरंच डोळे झाकून बटण दाबतोय हे दिसलंय तेव्हाच.

गेज उधळणं

ड्राइव्ह गेज ६ बारचा. बटण मारून त्यातून ड्राइव्ह रश कॅन्सल (फटका अर्ध्यात तोडून पुढे धावणं) केलं की ३ बार गेले. म्हणजे दोनदा केलंत की खिसा रिकामा आणि बर्नआउट, म्हणजे गेज संपल्याची शिक्षा. बर्नआउटमध्ये पॅरी नाही, ड्राइव्ह इम्पॅक्ट नाही, हाडोकेन-शोर्युकेनसारखे स्पेशल ब्लॉक केले तरी लाइफ जाते, आणि कॉर्नरमध्ये असताना समोरच्याचा ड्राइव्ह इम्पॅक्ट ब्लॉक झाला तर सरळ स्टन. प्रो लोकांचे व्हिडिओ बघून आपण मिडियम किकमधून रश करत सुटतो, फक्त ते लोक कुठे थांबतात हे बघत नाही. ब्लॉक झालेल्या किकमधून हिरव्या उजेडात धावत जायची हौस जरा आवरा, बस्स.

मोठा कॉम्बो आधी

ट्रेनिंगमध्ये कॉर्नरचा लांबलचक कॉम्बो, मॅचमध्ये कॉर्नरपर्यंत पोचलोच नाही. दोन लाइट (हलके फटके) लागल्यात हे बघून स्पेशलला जाणं आणि ब्लॉक झाल्यात हे बघून थांबणं, एवढं जमलं तरी खूप काळ पुरतं.

आपल्याला वाईट मॅचअप नाहीच, असा समज

ऑलराउंडर खेळणाऱ्यांचा हा लाडका गैरसमज, की समोर कुठलंही कॅरेक्टर आलं तरी आपल्याला जड जात नाही. सगळ्यांशी जमतं म्हणून कोणाचाच अभ्यास करायचा नाही. ब्लांकाचा बॉल, होंडाचं हेडबट, यांच्यासमोर गोंधळून उभं राहायचं आणि मग कॅरेक्टरला शिव्या. ट्रेनिंग डमीला ती मूव्ह रेकॉर्ड करून द्या, ब्लॉक करा, फ्रेम मीटरवर बघा कोण आधी मोकळं होतं, आणि मग एक एक बटण लावून बघा कुठलं पोचतं. एका मूव्हला पाच मिनिटं जास्तीत जास्त. टेकनमध्ये तर हे अजूनच लागू पडतं, तिथे सगळ्यात जलद जॅब १० फ्रेमचा, त्यामुळे समोरच्याची ब्लॉक केलेली मूव्ह कमीत कमी १० फ्रेमने मागे असेल आणि तुम्ही आवाक्यात असाल तर काहीतरी मिळतंच, पण ती कुठली मूव्ह हे पाठ असलं तर.

टियर लिस्टबद्दल (कुठलं कॅरेक्टर किती ताकदवान याची यादी) एवढंच म्हणेन की ती ज्यांनी बनवली ते उड्या पाडतात. आपण ११ मधल्या २ पाडतो. आणि ऑलराउंडरने मोठं काही जिंकता येत नाही म्हणणाऱ्यांसाठी, जपानचा खेळाडू डायगो उमेहाराने २००९ आणि २०१० चं एव्हो (फायटिंग गेमची मोठी स्पर्धा) रियू घेऊनच जिंकलं, आणि २०२३ ला स्ट्रीट फायटर ६ चं पहिलं एव्हो अँग्रीबर्ड नावाच्या खेळाडूने केन (रियूसारख्याच मूव्ह असलेलं कॅरेक्टर) घेऊन नेलं. डायगोची २००४ ची ती प्रसिद्ध पॅरी सगळ्यांनी बघितलेली असते, केनची लाइफ संपत आलेली आणि चुन-लीच्या सुपरचे सगळे हिट तो एकेक करून पॅरी करतो. पण पॅरी त्या गेममध्ये केनचीच नव्हती, सगळ्यांना होती. केनमुळे नाही, डायगोमुळे झालं ते.

मग बदलायचं कधीच नाही का?

बदला की. डायगोसुद्धा स्ट्रीट फायटर ५ मध्ये रियू सोडून गाइलकडे गेलाच ना. फक्त हरून चिडलेल्या रात्री बदलू नका. माझ्या मते खरं कारण एकच, जिंकलेल्या मॅचमध्येही तुम्हाला मजा येत नसेल तर. फायरबॉल टाकून वाट बघणं तुम्हाला मुळातच कंटाळवाणं वाटत असेल, सारखं अंगावर धावून जावंसं वाटत असेल, तर रियू कितीही घासलात तरी तो तुमचा होणार नाही, केन घ्या, बरंचसं शिकलेलं तसंच्या तसं कामाला येतं. आणि हरताना मजा येत नाही म्हणत असाल तर ती कोणालाच येत नाही.

माझं म्हणाल तर अजून रियूच आहे, प्लॅटिनममध्ये वरखाली चाललंय. काल रात्रीच्या शेवटच्या रिप्लेत ९ उड्या मोजल्या, ६ पाडल्या. उरलेल्या तीनपैकी दोनदा हाडोकेन निघाला.