रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाची लिव्हर रायफल कशी निवडावी

यावल, रावेर, शहादा या सातपुड्याच्या पायथ्याकडील तालुक्यांत अशी काही जुनी घरे आहेत, जिथे आजोबांच्या परवान्यावर नोंदलेली एखादी लिव्हर रायफल (चापाभोवतीचा दांडा खालीवर करून पुढचे काडतूस भरायची रायफल) अजून कपाटात आहे, आणि त्याच घरांतील एखादा मुलगा अमेरिकेत स्थायिक होऊन तिथल्या दुकानात तशीच नवी रायफल पाहत असतो. दोघेही पहिला प्रश्न कंपनीचा विचारतात. माझ्या मते पहिला प्रश्न काडतुसाचा असायला हवा: या रायफलीला कोणते काडतूस लागते, ते मला कायद्याने घेता येते का, आणि पुढची दहा वर्षे ते मिळत राहील का? याचे उत्तर हाती आल्याशिवाय लाकडाचा पोत किंवा पितळेची झळाळी पाहण्यात अर्थ नाही.

रिव्हॉल्व्हरचेच काडतूस चालवणाऱ्या लिव्हर रायफलींची ही जात जन्मालाच आली ती काडतुसाच्या सोयीसाठी. विंचेस्टर कंपनीने १८७३ मध्ये आपली प्रसिद्ध लिव्हर रायफल .४४-४० या काडतुसासह आणली आणि १८७८ पासून कोल्ट कंपनीने त्याच काडतुसाचे रिव्हॉल्व्हर विकायला सुरुवात केली, त्यामुळे घोडेस्वाराला कमरेच्या एकाच पट्ट्यातील काडतुसे दोन्ही शस्त्रांत वापरता येऊ लागली. पुढे .३८-४० आणि .३२-२० ही भावंडे आली. अमेरिकी शस्त्ररचनाकार जॉन ब्राउनिंग यांनी विंचेस्टरसाठी आखलेले १८९२ चे मॉडेल दहा लाखांहून अधिक संख्येने तयार झाले.

आखूड नळीच्या रिव्हॉल्व्हरमधून .३५७ मॅग्नमची १५८ ग्रेनची (साधारण दहा ग्रॅम वजनाची) गोळी सेकंदाला साधारण १,२५० फूट वेगाने निघते. तीच गोळी १८ ते २० इंची नळीतून १,७५० ते १,८०० फुटांच्या आसपास जाते, कारण दारूला जळून दाब देण्यास अधिक लांबी मिळते. शिवाय रायफल खांद्याला टेकते, नेम धरायला सोपी जाते आणि धक्का कमी जाणवतो. मात्र गोळी बोथट व तुलनेने हळू असल्याने शंभर ते सव्वाशे मीटरांपुढे ती झपाट्याने खाली येते. केळीच्या बागेत किंवा नाल्याकाठच्या झुडपांत पन्नास मीटरही मोकळे दिसत नाहीत, तिथे ही मर्यादा अडचण ठरत नाही. तापीकाठच्या उघड्या माळावर लांबचा नेम साधायचा असेल, तर हे शस्त्र त्या कामाचे नाही.

आता भारतातील वाचकासाठी सर्वांत महत्त्वाची गोष्ट. आपल्याकडे परवानाधारकाला नेहमी मिळणारी देशी काडतुसे म्हणजे बारा बोर, .३१५, .३०-०६, .२२ आणि रिव्हॉल्व्हर-पिस्तुलांची .३२. वरणगावच्या आयुध निर्माणीत काडतुसे बनतात हे जळगाव जिल्ह्यात सर्वांना ठाऊक आहे, परंतु ती सैन्यासाठी असतात. त्या गावाच्या जवळ राहिल्याने आपली अडचण सुटत नाही. जुन्या लिव्हर रायफलीच्या नळीवर बहुधा ‘४४ डब्ल्यूसीएफ’ किंवा ‘३२ डब्ल्यूसीएफ’ (विंचेस्टर सेंटर फायर) असा ठसा असतो, म्हणजेच .४४-४० किंवा .३२-२०. यांतील ‘३२’ हा आकडा पाहून फार मोठी चूक होते. आपल्या रिव्हॉल्व्हरचे काडतूस .३२ स्मिथ अँड वेसन लाँग आहे. त्याची गोळी जवळपास तेवढ्याच जाडीची असली, तरी पुंगळी (दारू भरलेले धातूचे नळकांडे) आखूड आणि बुडाशी बारीक असते. ते .३२-२० च्या चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसते त्या जागेत) शिरते, पण सैल बसते. आमच्या नात्यातील एका घरी दुकानदाराने केवळ आकडा पाहून अशी काडतुसे दिली आणि पहिल्याच बाराला पुंगळी फुगून उभी फाटली. कोणाला इजा झाली नाही हे केवळ दैव. यात आणखी एक गोंधळ आहे: .३२ विंचेस्टर स्पेशल हे पूर्णपणे वेगळे, मोठ्या रायफलीचे काडतूस आहे. म्हणून नळीवरील पूर्ण ठसा, परवान्यातील नोंद आणि काडतुसाच्या बुडावरील अक्षरे ही तिन्ही जुळल्याशिवाय एकही बार काढू नये. ठसा झिजून वाचता येत नसेल, तर परवानाधारक दुरुस्तीकाराकडून चेंबरचे माप घ्यावे.

नावाने आणि ठशाने जुळणाऱ्या काडतुसातही एक बारकावा आहे. .३२-२० चे जुने ‘हाय व्हेलॉसिटी’ काडतूस १८९२ च्या मजबूत रायफलीसाठी होते. १८७३ च्या मॉडेलमध्ये किंवा रिव्हॉल्व्हरमध्ये ते वापरू नये अशी सूचनाच असे. वारशाने आलेल्या पेटीत अशी जुनी काडतुसे सापडली, तर ती वापरण्याचा मोह टाळावा.

कायद्याची बाजूही खरेदीपूर्वीच तपासावी. शस्त्र नियम २०१६ च्या पहिल्या अनुसूचीत .३८ किंवा .४५५ ची कडावाली काडतुसे चालवू शकणारी कार्बाईन प्रतिबंधित गटात आहे. .३५७ च्या रायफलीत .३८ स्पेशल हे आखूड, सौम्य काडतूसही चालते आणि परदेशात तोच तिचा मोठा गुण मानला जातो. इथे मात्र त्याच गुणामुळे ती वादात सापडू शकते. अशी रायफल कोणी विकायला काढली असेल, तर पैसे देण्यापूर्वी जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या कार्यालयाकडून लेखी खुलासा घ्यावा. तोंडी आश्वासनावर व्यवहार करू नये. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला दोनच बंदुका ठेवता येतात आणि वारशाची बंदूकही त्या दोनांतच मोजली जाते. परवानाधारकाच्या निधनानंतर, किंवा तो सत्तर वर्षांचा झाल्यावर अथवा त्याने शस्त्र पंचवीस वर्षे बाळगल्यावर, कायदेशीर वारसाला परवान्यासाठी अर्ज करता येतो. खासगी विक्रीत विकणाऱ्याने जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवून पंचेचाळीस दिवस थांबावे लागते. परवान्याशिवाय घरी काडतूस भरणे हा गुन्हा आहे. रानडुकरांनी पीक उद्ध्वस्त केल्याची वेदना मी जवळून पाहिली आहे; तरीही शस्त्रपरवाना म्हणजे शिकारीची परवानगी नव्हे, त्यासाठी वनविभागाचा स्वतंत्र लेखी आदेश लागतो.

जे परदेशात, तिथल्या कायद्यानुसार नवी रायफल घेणार आहेत, त्यांना मी बहुतेक वेळा .३५७ मॅग्नमच सुचवतो. सरावाला मऊ व स्वस्त .३८ स्पेशल, गरजेला पूर्ण ताकदीचे .३५७, आणि खांद्याला त्रास नाही, म्हणून नवशिक्याला ती लवकर वश होते. फक्त .३८ पुष्कळ चालवल्यानंतर चेंबरमध्ये काजळीचे कडे साचते. ते न घासता लांब काडतूस घातले तर अडकते. .४४ मॅग्नम १९५५ चे काडतूस. मोठ्या जनावरासाठी ते अधिक भरवशाचे, पण हलक्या रायफलीत त्याचा धक्का चांगलाच जाणवतो. मार्लिन कंपनीच्या अनेक .४४ नळ्यांमध्ये गोळीला फिरवणारा आतला पीळ ३८ इंचांत एकच वेढा घेतो आणि तीनशे ग्रेनची जड गोळी त्यात अनेकदा स्थिरावत नाही, म्हणून गोळीचे वजन ठरवूनच नळी निवडावी. .४५ कोल्ट हे १८७३ चे रिव्हॉल्व्हरचे काडतूस असले, तरी एकोणिसाव्या शतकातील लिव्हर रायफली त्यासाठी बनल्या नाहीत. ज्याच्याकडे त्याचे रिव्हॉल्व्हर आधीच आहे, त्यानेच त्या वाटेला जावे.

यंत्रणेबद्दल थोडक्यात सांगतो. १८७३ ची जोडसांध्याची यंत्रणा हातात लोण्यासारखी चालते, परंतु ती अशक्त आहे आणि सौम्य काडतुसांपुरतीच योग्य आहे. १८९२ च्या रचनेत दोन उभे अडसर बोल्टला घट्ट धरतात. ब्राझीलच्या रॉसी कंपनीची आर९२ आणि जपानच्या मिरोकू कंपनीत बनणारी आजची विंचेस्टर १८९२ याच रचनेच्या आहेत. त्यांची पुंगळी वरून उडते, म्हणून दुर्बीण बसवणे गैरसोयीचे होते. मार्लिन १८९४ चा माथा बंद असून पुंगळी बाजूने निघते. डोळे कमजोर झालेल्यांनी तिचाच विचार करावा. हेन्री कंपनीची पितळी रायफल देखणी आहे, पण दिवसभर खांद्यावर वागवण्याच्या दृष्टीने मला ती जड वाटते.

प्रत्यक्ष रायफल हाती आल्यावर प्रथम चेंबर आणि नळीखालची मॅगझिन, दोन्ही रिकामी असल्याची खात्री स्वतः करावी. लिव्हर एकदा हलवून काही बाहेर आले नाही, एवढ्यावर विसंबू नये. नंतर घोडा अर्ध्या खाचेवर (मागे ओढताना तो पहिल्यांदा अडकतो त्या सुरक्षेच्या खाचेवर) ठेवून चाप दाबून पाहावा. घोडा पडला, तर सौदा तिथेच थांबवावा. पूर्ण चढवलेल्या घोड्याला अंगठ्याने मागून रेटल्यावर तो सुटता कामा नये. नळीत उजेड टाकून पीळ पाहावा: काळ्या दारूच्या काळातील नळीत थोडे खड्डे असणे स्वाभाविक आहे, पण चेंबरजवळचे खड्डे पुंगळीला पकडून ठेवतात. स्क्रूंची डोकी चघळल्यासारखी दिसली, तर आत कोणा अननुभवी माणसाचा हात गेला आहे असे समजावे. शेवटी दुरुस्तीकाराकडून बोल्ट आणि काडतुसाच्या बुडातील अंतर मोजून घ्यावे व दारू नसलेली डमी काडतुसे लिव्हर पूर्ण वेगाने फिरवून चालवून पाहावीत. या रायफली काडतुसाच्या एकूण लांबीबाबत फार हट्टी असतात. हळू फिरवल्यास चालणारी यंत्रणा वेगात अडखळू शकते.

गोळी नेहमी चपट्या टोकाचीच घ्यावी. नळीच्या मॅगझिनमध्ये काडतुसे एकामागे एक असतात आणि टोकदार गोळी पुढच्या काडतुसाच्या प्राइमरवर (बुडातील ठिणगी देणाऱ्या टोपीवर) टेकली, तर धक्क्याने ते आतच पेटू शकते.

आपल्याकडच्या हवामानाचा विचारही निवडीतच करावा. भुसावळ-जळगावचा मे महिना पंचेचाळीस अंशांपर्यंत जातो. त्यात जुने लाकूड आकसते, दस्ता आणि धातू यांच्या सांध्यात फट पडते आणि पुढच्याच पावसाळ्यात तिथून गंज धरतो. म्हणून जुनी रायफल शक्यतो मे-जूनमध्ये पाहावी, कारण हिवाळ्यात घट्ट वाटणारा दस्ता तेव्हा आपली खरी अवस्था दाखवतो. काडतुसे पत्र्याच्या छताखाली ठेवू नयेत, आणि रायफल व काडतुसे वेगवेगळ्या कुलपांत ठेवावीत.