दुसऱ्याच्या रुळावर आपलं इंजिन: मॉडेल रेल्वेच्या मेळाव्याला कसं जावं

मॉडेल रेल्वेच्या मेळाव्याला पहिल्यांदा निघालेल्या माणसाला सगळे एकच सांगतात. भरपूर फिरा, फोटो काढा, भेटेल त्याचा नंबर घ्या. मीही तेच केलं होतं. दोन दिवस पुण्यात हिंडलो आणि चारशे फोटो, एकवीस नंबर घेऊन भुसावळला परतलो. त्या एकवीस जणांपैकी एकाशीही पुढे बोलणं झालं नाही. ज्याच्याशी बोलायला काही कारणच नाही, त्याला फोन करून माणूस बोलणार तरी काय?

त्यानंतर पुण्या-मुंबईचे आणि आपल्या खान्देशातले मिळून बारा-तेरा मेळावे झाले. आता मी एकच सांगतो. एक चालतं इंजिन सोबत न्या आणि ते दुसऱ्याच्या लेआउटवर (मांडलेल्या छोट्या रेल्वेवर) चालवायला मागा. बाकी सगळं त्यातून आपोआप होतं. पण हे मागणं आणि ते इंजिन रुळावर उतरवणं, हीच अवघड पायरी आहे आणि तिच्याबद्दल कोणी नीट सांगत नाही. म्हणून हा लेख.

निघण्याआधी

एकच इंजिन, फार तर दोन डबे. पूर्ण रेक नेऊ नका, दिवसभर खोकी सांभाळत बसाल. मूळ फोमच्या खोक्यात ठेवा. प्रवासात खोकं मांडीवर किंवा पायाशी, वरच्या फळीवर कधीच नाही. मी महाराष्ट्र एक्सप्रेसने रात्रभर पुण्याला जातो तेव्हा पिशवी उशाशी असते.

मेळावा खान्देशात असेल तर डिसेंबर-जानेवारीचाच गाठा. जळगावचा मे महिना ४४-४५ अंशांचा. पत्र्याच्या हॉलमध्ये रूळ तापून लांबतात, जोडांमधल्या फटी मिटतात आणि सकाळी सरळ असलेला ट्रॅक दुपारी नागमोडी होतो.

आयुष्यात एकही मोठा लेआउट पाहिला नसेल तर आधी पुण्यात जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय बघून या. १९९८ सालापासून ते कर्वे रस्त्याच्या बाजूला, कोथरूडला आहे. सिग्नल, सांधे (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारी जागा) आणि गाड्या एका हिशेबात कशा चालतात ते तिथे तासाभरात डोळ्यांना कळतं.

इंजिनाची घरची तयारी

इथे वेळ घाला. मेळाव्यात जाऊन करायच्या या गोष्टी नाहीत.

चाकं पुसा. किचन पेपरची पट्टी रुळावर आडवी टाका, तिच्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचे चार थेंब टाका, इंजिनाचं एक टोक पट्टीवर आणि दुसरं उघड्या रुळावर ठेवून हलका करंट द्या. काळ्या रेघा उमटतात. रेघा उमटायच्या थांबेपर्यंत करा, मग इंजिन फिरवून दुसरी बाजू. कोणी नेलपेंट काढायचं द्रव वापरायला सांगितलं तर ऐकू नका, त्यातल्या ॲसिटोनने प्लास्टिक विरघळतं. सॅंडपेपर तर मुळीच नको. ओरखड्यांत घाण आणखी घट्ट बसते.

ॲड्रेस बदला. डीसीसी म्हणजे एकाच रुळावरचं प्रत्येक इंजिन वेगळं चालवायची डिजिटल पद्धत. तिचा जवळपास प्रत्येक नवा डिकोडर (इंजिनातली हुकूम ओळखणारी चिप) ३ या ॲड्रेसवर येतो. मेळाव्यात तीन जणांनी तशीच इंजिनं आणली की एकाने ३ नंबर लावून वेग वाढवला की तिन्ही निघतात. त्यातलं एखादं यार्डात डब्यांसमोर उभं असतं. इंजिनावर जो क्रमांक लिहिला आहे त्याचे शेवटचे चार आकडे ॲड्रेस म्हणून ठेवा. १२७ पर्यंतचा ॲड्रेस सीव्ही १ (सीव्ही म्हणजे डिकोडरमधला सेटिंगचा कप्पा) मध्ये बसतो, त्यावरचा लांब ॲड्रेस सीव्ही १७ आणि १८ मध्ये जातो आणि सीव्ही २९ मध्ये त्याची नोंद लागते. बहुतेक कंट्रोलर हे स्वतःच करतात, तुम्ही फक्त आकडा द्यायचा.

डिकोडर नसेल तर लाजायचं कारण नाही, पण तसं स्पष्ट सांगा. साधं डीसी इंजिन डीसीसीच्या रुळावर उभं केलं की मोटर गुणगुणते आणि तापते, कोअरलेस (लोखंडी गाभा नसलेली) मोटर असेल तर जळतेसुद्धा. बऱ्याच ठिकाणी डीसीचा वेगळा लूप असतो.

आणि चाकांमधलं अंतर मोजा. यावर खाली बोलतो, कारण मला त्याचीच किंमत मोजावी लागली.

मागणं

पहिला अर्धा तास नुसतं बघा. कोणाचा लेआउट कोणत्या स्केलचा, कोण चालवतोय, कोण नुसता गर्दीला उत्तरं देतोय. एचओ म्हणजे १:८७ आणि ओओ म्हणजे १:७६, दोन्ही १६.५ मिलिमीटरच्या रुळावर चालतात. एन म्हणजे १:१६०, त्याचा रूळ ९ मिलिमीटर. हातात एचओचं इंजिन धरून एनच्या टेबलापाशी जाऊ नका, एवढं पुरे.

मग टेबलाच्या मागच्या बाजूला जा. समोर प्रेक्षक असतात, मागे चालवणारा असतो. त्याची गाडी धावत असताना विचारू नका. त्याची नजर गाडीवर असते, तो मान हलवून वेळ मारून नेतो आणि तुम्हाला वाटतं माणूस तुसडा आहे. गाडी स्टेशनात लागली, त्याने कंट्रोलर खाली ठेवला, पाण्याची बाटली उघडली की बोला. वाक्य तयार ठेवा:

“काका, माझ्याकडे एक डब्ल्यूएपी-४ आहे. एचओ, डीसीसी, ॲड्रेस अमुक. चाकं पुसलीत, अंतर मोजलंय. तुमच्या सोयीने एक फेरी मारता येईल का?”

डब्ल्यूएपी-४ म्हणजे प्रवासी गाड्यांचं विजेचं इंजिन. या वाक्यात त्याला हवं ते सगळं आहे: स्केल, यंत्रणा, ॲड्रेस आणि त्याचा ट्रॅक घाण होणार नाही याची हमी. “माझं इंजिन चालेल का हो इथे?” असं मोघम विचारलं की पुढचे पाच प्रश्न त्याला विचारावे लागतात आणि दमलेला माणूस “नंतर बघू” म्हणतो. वयाने मोठ्या माणसाला काका, बरोबरीच्याला दादा किंवा भाऊ, बाईंना ताई. “सर” म्हणू नका. सर म्हटलं की अंतर पडतं.

नाही म्हणाला तर वाईट वाटून घेऊ नका. कदाचित त्याचे वळण अरुंद असेल. घरगुती सेटमधलं दुसऱ्या त्रिज्येचं (सगळ्यात लहान वळणाच्या पुढच्या मापाचं) वळण ४३८ मिलिमीटरचं असतं. साडेतेवीस मीटरचा एलएचबी (नव्या बनावटीचा लांब) डबा १:८७ मध्ये २७ सेंटिमीटरचा होतो आणि अशा वळणावर शेजारच्या गाडीला घासतो. विचारा, “वळण केवढं आहे?” या एका प्रश्नावर मी अर्धा अर्धा तास गप्पा मारल्या आहेत.

रुळावर उतरवताना

माझा दुसरा मेळावा. परवानगी मिळाली होती, ॲड्रेस बदललेला होता, चाकं चकचकीत होती. इंजिन सरळ रुळावर छान चाललं. यार्डाच्या तोंडाशी पहिल्या सांध्यावर गेलं आणि सगळा हॉल गप्प झाला. डीसीसीमध्ये शॉर्ट झालं की बूस्टर (रुळाला वीज पुरवणारा डबा) वीज तोडतो आणि त्या बूस्टरवरच्या सगळ्यांच्या गाड्या थांबतात. तीस वाघिणींची एक मालगाडी पुलाच्या मधोमध उभी राहिली. पलीकडून आवाज आला, “कोण रे भो?”

मी इंजिन उचललं, पुन्हा ठेवलं, पुन्हा शॉर्ट. तिसऱ्यांदा ठेवायला गेलो तेव्हा एका काकांनी माझं मनगट धरलं. निवृत्त लोको पायलट, भुसावळचेच. त्यांनी इंजिन उलटं करून रुमालावर ठेवलं, खिशातून छोटा कॅलिपर काढला आणि चाकांच्या प्रत्येक जोडीचं आतलं अंतर मोजलं. मागच्या बोगीची (इंजिनाखालच्या चाकांच्या चौकटीची) एक जोडी १४.१ मिलिमीटर निघाली. बाकीच्या १४.५ च्या आसपास. “आवळलीय,” एवढंच म्हणाले. दोन्ही हातांच्या चिमटीत दोन चाकं धरली, पिळत पिळत बाहेर ओढली, मोजली, परत थोडी पिळली, परत मोजली. ओढत नव्हते, पिळत होते. सरळ ओढलं तर चाक एकदम सुटून येतं आणि तिरकं बसतं.

कारण त्यांनी सांध्यावर बोट ठेवून दाखवलं. सांध्याची जी जीभ उघडी असते तिच्यात शेजारच्या रुळाच्या उलट बाजूची वीज असू शकते. चाकांमधलं अंतर कमी असेल तर चाकाची पाठ त्या उघड्या जिभेला घासते आणि दोन्ही बाजू जोडल्या जातात. माझ्या घरचे सांधे त्या जिभेची वीज वेगळी ठेवणाऱ्या जातीचे होते, म्हणून घरी हा दोष कधी दिसलाच नाही. “घरी तर चालत होतं” या वाक्याला मेळाव्यात अर्थ नसतो तो यामुळे.

त्या दिवसापासून माझे नियम:

पहिल्यांदा इंजिन रुळावर ठेवायचं ते यजमानाच्या हातून, किंवा तो सांगेल त्या जागी. दुसऱ्याच्या डब्याला विचारल्याशिवाय बोट लावायचं नाही, घसरलेला असला तरी. शॉर्ट झालं की इंजिन लगेच उचलायचं आणि परत ठेवायचं नाही, आधी मोजायचं. कॅलिपर आपल्या खिशात हवा. ऑनलाइन मिळणारा साधा प्लास्टिकचाही चालतो. आणि पहिल्या फेरीत सगळ्या सांध्यांवरून सावकाश जायचं. तीन नंबरच्या सांध्यावर लाइट मिणमिणली तर यजमानाला सांगायचं, लपवायचं नाही. दोष त्याच्या सांध्यातही असू शकतो आणि सांगितलंत तर त्याला तुमच्याबद्दल आदरच वाटतो.

वेग आवरा. ताशी १०० किलोमीटर म्हणजे १:८७ मध्ये सेकंदाला साधारण ३२ सेंटिमीटर. एलएचबी डबा एका सेकंदात स्वतःच्या लांबीपेक्षा थोडासाच जास्त सरकायला हवा. नवखे लोक याच्या तिप्पट वेगाने पळवतात आणि चालवणारी जाणती माणसं तोंड फिरवतात. स्टेशनात हळू आणा, फलाटाला नीट लावा, थांबवा, मग निघा. एवढ्यावर शेजारचा माणूस स्वतःहून विचारतो, “कुठलं शेड लिहिलंय त्यावर?” माझ्या इंजिनावर बीएसएल, म्हणजे भुसावळ, लिहिलेलं आहे. ती तीन अक्षरं पाहून नागपूरच्या माणसानेही मला हाक मारली आहे.

गप्पांना काय काढावं

एक वाद पहिल्या तासात टाळा: आपलं ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचं, १:८७ मध्ये ते १९.३ होतं आणि आपण सगळे १६.५ वर चालवतो, म्हणजे आपली गाडी रुळापेक्षा रुंद दिसते. खरं आहे. पण या वादात ओळखी होत नाहीत, गट पडतात.

त्याऐवजी पीजेची गोष्ट काढा. पाचोरा-जामनेरची ती छोटी गाडी, ५६ किलोमीटर, ७६२ मिलिमीटर गेज. १:८७ मध्ये हे गेज पावणेनऊ मिलिमीटर होतं, म्हणजे एनचा ९ मिलिमीटरचा रूळ जवळपास जसाच्या तसा बसतो. एनच्या एखाद्या छोट्या इंजिनाची चाकं-मोटर घ्या आणि वर पुठ्ठ्याची, स्टायरीनची बॉडी करा. करोनाकाळात ती गाडी थांबली, पण शेंदुर्णी-पहूरकडचा माणूस तुमच्या हातात तिचा डबा पाहून जे सांगायला लागतो ते कुठल्या नोंदीत सापडत नाही: कोणत्या चढावर लोक उतरून चालायचे, गार्ड कोणासाठी थांबायचा. ते सगळं लगेच वहीत लिहून घ्या. मी असं एकदा लिहून घेतलं नाही, आणि ते सांगणारे काका आता नाहीत.

मेळाव्याला स्वतःचं काही मांडायचं असेल तर टी-ट्रॅकने (छोट्या फळ्या एकमेकींना जोडून लेआउट करायची पद्धत) सुरुवात करा. एनचा एक सरळ तुकडा ३०८ मिलिमीटर रुंद असतो, हाताच्या पिशवीत मावतो. धुळ्याच्या एका ताईंनी त्या एवढ्याशा फळीवर केळीची बाग आणि रेल्वे फाटक केलं होतं, आणि दिवसभर सगळ्यात जास्त गर्दी तिथेच होती.

दुपारी जेवणाला हॉटेलात जाऊ नका. हिवाळ्यात आपल्याकडचा मेळावा म्हणजे भरीत-पुरी असतेच. पंगतीत ज्याच्या टेबलावर इंजिन चालवलं त्याच्या शेजारी बसा.

संपताना

पाच वाजता पळू नका. टेबलं सोडवायला, वायर गुंडाळायला, मॉड्यूलचे (लेआउटच्या सुट्या तुकड्यांचे) नट काढायला हात हवे असतात आणि त्या वेळी निम्मी माणसं गाडी पकडायला निघून गेलेली असतात. विचारा, “हे कोणत्या खोक्यात?” आणि सांगतील तसंच भरा. नट-बोल्ट चहाच्या कपात जमा करा, खिशात नको. माझी त्या लोको पायलट काकांशी खरी ओळख झाली ती इथेच, एका टोकाला त्यांनी आणि दुसऱ्या टोकाला मी यार्डाचं मॉड्यूल धरून टेम्पोत चढवताना. नंबर त्यांनी स्वतःहून दिला, आणि म्हणाले, “रविवारी ये. येताना ते इंजिन आण, बाकीच्या जोड्या पण बघू.”