मंगळावर पाणी होतं हे फोटोत कसं ओळखायचं

"मंगळावर पाणी सापडलं" असला मेसेज ग्रुपवर अधूनमधून येतोच, आणि खाली लगेच अंगठ्यांची रांग. फॉरवर्ड करायच्या आधी स्वतः बघा की, नासाच्या साइटवर रोव्हरचे, म्हणजे मंगळावर फिरणाऱ्या यंत्रगाड्यांचे, फोटो फुकट असतात, मोबाईलवर पण उघडतात.

आधी हाताला सवय लावा. उन्हाळ्यात खानापुरात मलप्रभेचं पाणी कमी झालं की पात्रात उतरून एक गोटा उचला, अंगठा फिरवला तरी कुठं टोचत नाही. मग रस्त्याकडेची क्रशरची खडी घ्या, सगळीकडनं धार. पाण्यातनं आपटत घासत लांबवर आलेल्या दगडाची धार जाते, बास एवढंच शास्त्र.

आता क्युरिऑसिटी रोव्हरचा 2012 चा गेल विवरातला (विवर म्हणजे उल्का आदळून झालेला मोठा खड्डा) 'हॉट्टा' खडकाचा फोटो झूम करा. वाळूत घट्ट बसलेले गोल गोल खडे दिसतील, आणि तिथं असले काही खडे लिंबाएवढे पण सापडलेत. वारा वाळू उडवतो पण एवढे खडे लोळवत नेणं त्याला जमत नाही, त्यात मंगळावरचा हवेचा दाब आपल्या शंभराव्या भागाएवढा पण नाही. म्हणून शास्त्रज्ञ म्हणाले, इथं घोट्यापासून कमरेपर्यंत पाणी जोरात वाहत होतं. माझ्या मते सगळ्यात भक्कम पुरावा हाच, बाकीचं नंतर.

वरनं काढलेल्या फोटोत जेझेरो विवर शोधा, पर्सिव्हिअरन्स रोव्हर फेब्रुवारी 2021 मध्ये उतरला ते. नदी साठलेल्या पाण्यात शिरली की वेग मरतो आणि गाळ पंख्यासारखा पसरतो, तो पंखा तिथं स्पष्ट दिसतो.

बर्फासाठी फिनिक्स यानाचे (हे एकाच जागी उभं राहून खणायचं) जून 2008 चे फोटो शेजारी शेजारी ठेवा. खणलेल्या चरीतले पांढरे तुकडे चार दिवसांत गायब. मीठ असतं तर तिथंच राहिलं असतं, बर्फाची थेट वाफ झाली.

आता फसायची जागा. उतारावरच्या काळपट रेघा बघून 2015 मध्ये खारं पाणी वाहतंय अशी मोठी बातमी झाली होती, पण 2017 च्या अभ्यासात त्या रेघा साधारण 27 अंशांपेक्षा जास्त उतारावरच निघाल्या, उतार कमी झाला की संपतात. कोरडी वाळू तशीच घसरते, पाणी असतं तर पुढं सपाटीवर पण गेलं असतं की. म्हणून असला फोटो आला की रेघ कुठं थांबली ते आधी बघा, मग ग्रुपवर टाका.