घरच्या हायड्रोपोनिक्समध्ये सुरुवातीला होणाऱ्या चुका, आणि रोपाने मान टाकली की आधी काय बघायचं

मातीशिवाय, पाण्यात विरघळवलेल्या खतावर भाजी वाढवायचं वेड आता बऱ्यापैकी पसरलंय, निम्म्या सोसायट्यांमध्ये कुणी ना कुणी बादली, नेट पॉट (जाळीची छोटी कुंडी) आणि माशांच्या टाकीचा एअर पंप घेऊन गॅलरीत बसलेलं असतंच. आणि मग महिना होत नाही तोवर ओळखीतल्यांचे व्हॉट्सॲपवर फोटो यायला लागतात, पानं पिवळी, मुळं तपकिरी, आणि प्रश्न एकच, "आता यात काय टाकू?" माझ्या मते गडबड त्या प्रश्नातच आहे. दहातल्या बहुतेक बादल्यांमध्ये आधीच जास्त काहीतरी टाकून झालेलं असतं, तेव्हा आधी मीटर बुडवा, पाण्यात बोट घाला, झाकण उचलून मुळं बघा, आणि मग काय ते ठरवा.

एक गोष्ट मात्र आधीच सांगून टाकते, कारण तिच्यामुळे बाकीच्या चुका होतात. इंग्रजीत घरगुती हायड्रोपोनिक्सचे जे व्हिडिओ सापडतात त्यातले खूपसे मुळात गांजा लावणाऱ्यांचे असतात. कॅनडात २०१८ पासून बहुतेक प्रांतांत एका घरात चार झाडं चालतात, जर्मनीत एप्रिल २०२४ पासून सज्ञान माणसाला तीन, त्यामुळे तिकडे लोक बंद खोलीत तंबू लावून, मोठाले दिवे टांगून हे उघड करतात आणि उघड शिकवतात. आपल्याकडे १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांविरुद्धच्या कायद्याखाली परवान्याशिवाय गांजाचं एक रोप लावलं तरी गुन्हा, औषधासाठी लावलं म्हटलं तरी घरच्या घरी तशी मुभा नाही, म्हणून तो विषय इथेच बंद. पण आपले लोक त्या व्हिडिओतलं बाकी सगळं उचलतात, म्हणजे कडक खताचा डोस, बाटल्याच बाटल्या, महागडे दिवे, आणि लावतात काय तर लेट्युस. ते पीक वेगळं, ती हवा वेगळी, खोलीत एसी लावलेला. नाशिकच्या किंवा पुण्याच्या गॅलरीत एप्रिलमध्ये ते गणित कसं बसेल?

डोस

खताची तीव्रता ईसी मीटरवर मोजतात, पाण्यातून वीज किती सहज वाहते त्यावरून तो विरघळलेले क्षार सांगतो (इथले आकडे mS/cm मधले). लेट्युसला ०.८ ते १.२ ईसी पुरतो, नुकत्या उगवलेल्या रोपांना तर ०.५ च्या आसपासच ठेवायचा, बेझिलला १ ते १.६, पालक जरा खादाड, त्याला १.८ पर्यंत चालतं. फुलोऱ्यातल्या पिकासाठी बनवलेल्या तक्त्याप्रमाणे टाकलंत तर लेट्युसच्या पानांच्या कडा तपकिरी होऊन कुरकुरीत होणारच. आणि लोकांना वाटतं खत कमी पडलं, मग आणखी एक झाकण ओततात.

इथे अजून एक घोळ असतो तो पीपीएमचा, म्हणजे तीच तीव्रता वेगळ्या एककात. काही मीटर १ ईसीला ५०० दाखवतात, काही ७००. म्हणजे कुणीतरी सांगितलं "सातशे ठेव" तर तो सातशे कुठल्या मीटरवरचा ते माहीत नसेल तर त्या आकड्याला काही अर्थ नाही. सरळ ईसीतच बोला.

स्वस्तात व्हावं म्हणून बरेच जण कृषी सेवा केंद्रातून १९:१९:१९ हे विद्राव्य खत आणतात. ठिबकला, फवारणीला ते उत्तम आहे, पण त्यात कॅल्शियम नाही, मॅग्नेशियम नाही, आणि नत्राचा मोठा भाग युरियाच्या रूपात असतो. मातीतले जिवाणू युरिया मोडून देतात म्हणून शेतात तो चालतो, स्वच्छ बादलीत ते जिवाणू पुरेसे नसतात. सुरुवातीला हायड्रोपोनिक्सचं तयार खत, ए आणि बी अशा दोन पुड्यांत येणारी ए-बी पावडरच घ्या, हात बसला की मग कॅल्शियम नायट्रेट, मोनो पोटॅशियम फॉस्फेट, मॅग्नेशियम सल्फेट, सूक्ष्म अन्नद्रव्यं वगैरे वेगळं आणून स्वतः बनवा, खूप स्वस्त पडतं.

ए आणि बी वेगळे का देतात हेही बघा एकदा. एका भांड्यात दोन्हींचं घट्ट द्रावण एकत्र ओता, पाणी दुधाळ होतं आणि थोड्या वेळात तळाला पांढरा गाळ बसतो. एकातलं कॅल्शियम आणि दुसऱ्यातलं सल्फेट-फॉस्फेट एकमेकांना धरून बसलं, आता ते रोपाला मिळणार नाही. म्हणून आधी बादली पाण्याने भरायची, त्यात ए टाकून ढवळायचं, मग बी. वेळ वाचवायला दोन्ही एकाच मापात घेऊ नका, आणि तो गाळ हलवून परत विरघळेल अशी आशाही ठेवू नका.

पाणी

तुमच्या नळाला येणारं पाणी कुठलं आहे ते आधी मोजा, खत टाकायच्या आधी. मुंबईला भातसा, तानसा, वैतरणेचं पाणी येतं, पुण्यात खडकवासल्याचं, त्यात क्षार कमी असतात, त्यात सरळ खत टाकता येतं. पण उन्हाळ्यात टँकर सुरू झाला की त्याच नळाला बोअरचं पाणी येतं आणि मीटर एकदम वर जातो, कालपर्यंत छान चाललेली रोपं अचानक का बिघडली हे कळत नाही. दर वेळी पाणी भरताना मोजायची सवय लावा.

बोअरचं पाणी जड असेल तर काही जण सोसायटीच्या सॉफ्टनरचं पाणी वापरतात. हे अजिबात करू नका. सॉफ्टनर कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून त्याजागी सोडियम सोडतो, म्हणजे रोपाला हवं ते गेलं आणि नको ते आलं. त्यापेक्षा आरओचं पाणी अर्धं आणि नळाचं अर्धं मिसळा. नुसतं आरओ वापरलं तरी चालतं पण मग कॅल्शियम-मॅग्नेशियम सगळं खतातूनच यायला हवं.

पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल आहे त्याचं माप, ५.५ ते ६.५ मध्ये ठेवायचा. जड पाण्यात तो सारखा वर सरकतो. लिंबू पिळून किंवा व्हिनेगर टाकून खाली आणता येतो खरा, पण पाण्यातले जिवाणू ते खाऊन टाकतात, एकदोन दिवसांत पीएच परत होता तिथे आणि वर पाणी बुळबुळीत. फॉस्फोरिक ॲसिडवाला पीएच डाउन आणा, हातमोजे घाला, आणि ॲसिड पाण्यात थेंबथेंब टाका, ॲसिडवर पाणी ओतू नका. मीटर ते पिवळं पेनवालं स्वस्तातलं असलं तरी चालेल पण त्याच्याबरोबर ६.८६ आणि ४ च्या ज्या पुड्या येतात त्या फेकून देण्यासाठी नसतात, त्यांनी अधूनमधून मीटर जुळवून घ्यावा लागतो. टोक कोरडं पडलं की तो मीटर मनाला येईल ते आकडे दाखवतो आणि तुम्ही त्या आकड्यांवर विश्वास ठेवून ॲसिड ओतत बसता.

उन्हाळा, म्हणजे खरी गोम

आता मुख्य मुद्दा. दुपारी दोनला रोप मान टाकतं, बादलीत पाणी काठोकाठ, मग याला झालं काय? पाण्यात थर्मामीटर टाका. २० अंशाच्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, ३० अंशाला तो साडेसातच्या आसपास येतो, आणि नेमकं त्याच वेळी गरमीमुळे मुळांना जास्त ऑक्सिजन लागत असतो. मुळं गुदमरली की पाणी ओढायचं बंद करतात, त्यामुळे भर पाण्यात रोप सुकतं. शिवाय कोमट पाणी म्हणजे मूळकुजव्या बुरशीचं माहेरघर, पिथियम म्हणतात तिला.

झाकण उचलून मुळं हातात घ्या. पांढरी, जरा कडक, वास नाही, तर ठीक. फिकट तपकिरी असली पण घट्ट असली तरी घाबरू नका, खताचा रंग चढतो कधीकधी. पण मूळ हलकेच दोन बोटांत धरून ओढलं आणि वरचं साल सुटून हातात आलं, आत दोऱ्यासारखी तार उरली, आणि नालीसारखा वास आला, तर ती कुजलीत. ते रोप काढून टाका, बादली ब्लीचच्या पाण्याने धुवा, नळी आणि एअरस्टोनसकट (बुडबुडे सोडणारा दगड), आणि नवं पाणी भरा. हायड्रोजन पेरॉक्साइड टाकून चार दिवस बरं दिसतं, पण पाणी तापतंच आहे तर दुखणं परत येणार.

म्हणून पाणी तापूच द्यायचं नाही. काळी बादली गच्चीवर उन्हात ठेवणं ही आपल्याकडची सगळ्यात कॉमन चूक. बादली आतून काळी हवी म्हणजे उजेड जाऊन शेवाळ होणार नाही, पण बाहेरून पांढरी हवी, चुन्याने रंगवा किंवा पांढरं कापड गुंडाळा. त्याहून सोपं म्हणजे मेडिकलवाल्याकडे औषधं येतात ते थर्माकोलचे खोके, मागितले तर फुकट देतो, आत काळं प्लास्टिक अंथरलं की झाली टाकी. आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंनी तसाच खोका घेतला आणि मला विचारत होत्या, "अगं पण पंप कुठे लावू याला?" म्हटलं, काकू, पंप नकोच तुम्हाला, क्रॅटकी करा.

क्रॅटकी म्हणजे अमेरिकेतल्या हवाई बेटांवरच्या विद्यापीठाच्या बर्नार्ड क्रॅटकी यांनी रूढ केलेली पद्धत, पंप नाही, वीज नाही. सुरुवातीला पाणी नेट पॉटच्या तळाला टेकेल एवढं भरायचं, रोप पीत जातं तसं पाणी खाली जातं, आणि वर जी मोकळी जागा होते तिथली मुळं हवेतून ऑक्सिजन घेतात. एका लेट्युसला सगळ्या आयुष्यात ४ लिटरच्या आसपास पाणी पुरतं, आपल्या कोरड्या उन्हाळ्यात थोडं जास्तच धरा. यात सगळे एकच चूक करतात, पाणी खाली गेलेलं बघवत नाही म्हणून परत गळ्यापर्यंत भरतात. जी मुळं हवेत राहायला सरावली होती ती बुडतात आणि रोप दोन दिवसांत मलूल. फारच खाली गेलं तर तळाशी थोडंसं घाला, ती मोकळी जागा बुजवू नका.

आणि मार्च ते मे लेट्युसचा हट्ट सोडा. गरमीत ते तुरा काढतं आणि पानं कडू होतात, बी तर तिशीच्या वर उगवायलाच मागत नाही. ऑक्टोबर ते फेब्रुवारी लावा, तेव्हाही उगवत नसेल तर ओल्या टिश्यूत बी गुंडाळून दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवून मग लावा, आणि वरून झाकू नका, त्याला उजेड लागतो. उन्हाळ्यात बेझिल, पुदिना, लाल माठ लावा. आपला देशी पालकही बऱ्यापैकी तग धरतो, तो बीटाच्या जातकुळीतला आहे, विलायती स्पिनॅच वेगळा.

पान काय सांगतंय

जुनी, खालची पानं सगळीच फिकट पिवळी तर नत्र कमी. खालचीच पानं पण शिरा हिरव्या आणि मधलं पिवळं तर मॅग्नेशियम. नवी कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या तर लोह, आणि इथे लोह ओतायच्या आधी पीएच बघा, कारण तो सातच्या वर गेला असेल तर बादलीत लोह असूनही रोपाला मिळत नाही. लेट्युसच्या आतल्या कोवळ्या पानांची टोकं करपली तर सगळे कॅल्शियम टाकतात, पण ते टाकीत असतंच, दमट कोंदट हवेत पानातून पाणी उडत नाही म्हणून तिथवर पोचत नाही. छोटा पंखा लावा, बास.

पाणी कमी झालंय आणि ईसी वाढलाय तर रोपाने पाणी जास्त प्यायलंय, साधं पाणी घाला. ईसी उतरलाय तर खत घाला. दोन्ही तसंच असेल तर काही करू नका. पंपवाल्या बादलीतलं सगळं पाणी दहा-पंधरा दिवसांनी बदला, जुनं कुंड्यांना घाला.

रोपं लांबट, बारीक, आडवी पडायला लागली की ती खताची तक्रार नसते, उजेडाची असते. पूर्वेची गॅलरी चालते, ग्रिलच्या आतली उत्तरेची चालत नाही, तिथे साधा पांढरा एलईडी बारा-चौदा तास जवळ लावला तरी पालेभाजीला पुरे.

रोप धरायला कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, विटेच्या रूपात मिळतं ते भिजवून तसंच वापरू नका, त्यात मीठ असतं, दोनतीनदा धुवा, निथळलेलं पाणी मीटरवर बघा.

जे कुणी व्हिडिओत सांगत नाही

डास. उघडी बादली म्हणजे डेंग्यूच्या डासांचं पाळणाघर, आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. पावसाळ्यात महापालिकेचे लोक घरोघरी अळ्या शोधत फिरतात आणि नोटीस देतात, मग सेक्रेटरीला तोंड देत बसावं लागतं. भोकं नेट पॉटने घट्ट बंद हवीत, रिकामी भोकं टेपने चिकटवा.

वजन. १०० लिटर म्हणजे १०० किलो, पाइपांचा मोठा स्टँड गॅलरीच्या टोकाला उभा करण्याआधी इंजिनियरला विचारा, सुताराला नाही.

वीज. एअर पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा किंवा नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह टाका, नाहीतर लाइट गेली की पाणी नळीतून उलटं पंपात येतं. वायर प्लगला जाण्याआधी खाली झोल देऊन न्या, म्हणजे थेंब वायरवरून ओघळत सॉकेटमध्ये न जाता खाली पडतील, आणि ज्या लाइनवर ईएलसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आहे तिथेच जोडा. पाइपमधून पाणी वाहणारा एनएफटी घेणार असाल तर आपल्याकडे लाइट किती वेळ जाते ते आधी बघा, त्यात मुळांखाली पाण्याचा जेमतेम पातळ थर असतो, उन्हाळ्यात दोनतीन तास पंप बंद राहिला तर रोपं हातची जातात. पहिल्यांदा करताय तर छत्तीस भोकांचं किट घेऊ नका, एक थर्माकोलचा खोका, सहा नेट पॉट, ए-बी पावडर आणि ईसी-पीएचचे दोन मीटर, एवढ्यावर एक हिवाळा काढा.