ग्रामोफोन रेकॉर्ड धुवायचं मशीन घेताय? आधी कपाट उघडा (आणि या चुका टाळा)

महिन्यातून एकदा तरी कोणीतरी विचारतंच, कुठलं मशीन घेऊ, व्हॅक्यूमचं (पाणी ओढून घेणारं) की अल्ट्रासॉनिक (पाण्यात ध्वनिलहरींनी मळ सोडवणारं)? मी उलट विचारतो, घरात रेकॉर्डी कुठल्या आहेत? तर समोरून "आजोबांच्या आहेत, बऱ्याच आहेत". केवढ्या आहेत, कशाच्या आहेत, काही पत्ता नाही, पण मशीनचे व्हिडिओ मात्र तीस बघून झालेले असतात. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे लाखेच्या तबकडीला स्पिरिट लावणं. ही मी स्वतः केलीय. मशीन नवीन, सोबत लिक्विडची बाटली आलेली, दोन एलपी (मोठ्या, बारा इंची रेकॉर्डी) मस्त धुऊन निघाल्या आणि माझा हात सुटला. मामांच्या पेटीतली बालगंधर्वांची दहा इंची ७८ची (मिनिटाला ७८ फेरे घेणारी) तबकडी उचलली, ठेवली, लिक्विड ओतलं. दुसऱ्या फेरीलाच ब्रश जरा चिकट लागायला लागला, मला वाटलं जुना मळ सुटतोय! पुसून उजेडात धरली तर काळी चकाकी गायब, शाळेतल्या पाटीसारखी राखाडी, आणि मशीनच्या मखमली पट्टीवर तपकिरी-काळा थर. मामा शेजारी चहा पीत बसले होते, म्हणाले, "धुतलीस का खरवडलीस रे?" नंतर बाटलीवरचं बारीक अक्षर वाचलं, आत आयसोप्रोपिल अल्कोहोल, स्पिरिटच्याच जातीचं.

कारण साधं आहे. एलपी विनाइलची असते, तिला पाण्यात थोडं अल्कोहोल मिसळलेलं चालून जातं. ७८ची तबकडी मात्र बहुतेक वेळा लाख आणि दगडाची पूड मिसळून बनवलेली असते. फर्निचर पॉलिशवाला लाख कशात विरघळवतो? स्पिरिटमध्येच ना! मग मी तबकडीचं जे केलं ते त्याच्यासारखंच. आणि आपल्याकडे ही चूक जास्त होते, कारण ७८च्या तबकड्या इथे १९६० च्या दशकातही निघत होत्या, त्यामुळे एकाच कपाटात ७८, ईपी (छोट्या, सात इंची), एलपी सगळं एकत्र कोंबलेलं असतं. जड, ठिसूळ, एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं वाजणारी असेल तर लाखेची समजा आणि अल्कोहोलवालं काहीही तिच्या जवळ नेऊ नका. मी डिस्टिल्ड वॉटरमध्ये फोटोच्या डार्करूमवाले वापरतात त्या वेटिंग एजंटचे (पाणी नीट पसरवणारं लिक्विड) दोन थेंब टाकतो, मऊ ब्रशने फिरवतो आणि लगेच सुकवतो, भिजत अजिबात ठेवत नाही. ७८ साठी ब्रश आणि पट्टी वेगळी ठेवतो, नाहीतर तिची कचकच एलपीच्या खाचेत जाते.

यातूनच पुढचं. मशीन घेताना सात आणि दहा इंचाचं काय ते विचारा. बऱ्याच व्हॅक्यूम मशीनचा ओढणारा दांडा बारा इंचासाठी असतो, छोट्या रेकॉर्डला वेगळा दांडा वेगळे पैसे देऊन घ्यावा लागतो. निम्मं कपाट सिनेमाच्या ईपींनी भरलेलं आणि मशीन फक्त एलपी धुणारं, असा एक मित्र आहे माझा, आता ईपी हाताने धुतो बिचारा.

दुसरी माझी आवडती चूक पावसाळ्यातली. ओळखीतल्या एकाने हाताने फिरवायचं टबवालं मशीन आणलं. मशीन वाईट नाही हो, नवीन माणसाला मीही तेच सांगतो. पण यानं जुलैत, ठाण्यात, एका रविवारी चाळीस रेकॉर्डी धुतल्या, तेही एकाच पाण्यात, भांड्यांच्या स्टँडवर तासभर ठेवल्या आणि परत त्याच जुन्या कागदी पाकिटांत घातल्या. गणपतीत बाहेर काढल्या तर प्रत्येकीवर पांढरे ठिपके, बुरशी! मग मला फोन, मशीन बोगस आहे म्हणून. अरे बाबा, मशीनचा काय दोष? आपल्या दमट हवेत वरून कोरडी दिसणारी रेकॉर्ड खाचेत आणि लेबलपाशी ओलीच असते. म्हणून मुंबई-कोकणात राहत असाल तर मी व्हॅक्यूमवालं घ्या म्हणतो, ते पाणी मळासकट ओढून घेतं. टबवालंच परवडत असेल तर एका वेळी दहाच धुवा, पाणी बदला, पंख्याखाली रात्रभर ठेवा आणि पाकिटं नवीन घ्या. घाई असेल तर धुवूच नका.

व्हॅक्यूम मशीन मिक्सरसारखं किंचाळतं हे मात्र आधीच सांगतो, रात्री अकराला लावलंत तर शेजारी येणारच. आणि सुकली की बंद करा, दोन फेऱ्या पुरतात, उगाच फिरवत बसलात तर स्टॅटिक (घर्षणाची वीज) होऊन तीच धूळ परत चिकटते.

अमेरिकेतून भाच्याकडून मशीन मागवणाऱ्यांनो, ते ११०-१२० व्होल्टचं असतं. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झ (विजेची वारंवारता) नाही, तिकडे ६० आणि इकडे ५०, त्यामुळे काही मोटारी हळू फिरतात आणि तापतात.

चष्मे-दागिने धुवायच्या अल्ट्रासॉनिक टाकीवर जुगाड करणारे पण बरेच आहेत. करा, पण हीटर बंद ठेवा, टाकी चालून चालून पाणी आपोआप तापतं, पस्तीस अंशांच्या वर गेलं की मी थांबतो. आणि चार-चार रेकॉर्डी चिकटवून लावू नका, मधल्या धुतल्याच जात नाहीत.

बोअरचं पाणी नको. भांडी घासायचं लिक्विड तर नकोच नको.

आणि शेवटी, पैसे द्यायच्या आधी घरातली सगळ्यात खरखरणारी रेकॉर्ड दुकानात घेऊन जा, समोर धुऊन घ्या आणि तिथेच लावायला सांगा. खरखर कमी झाली तर ती धूळ होती. तशीच राहिली तर खाच झिजलीय, जुन्या प्लेअरच्या जड पिकअपने (सुईच्या दांड्याने) खाल्लीय, तिला कितीही महाग मशीन लावलंत तरी ती तशीच वाजणार. माझ्या ओळखीत दोघांचे पैसे असे वाचलेत.